तळणीला ग्रहण दिसलं, पण शिकवलं कोणी?

बडनेऱ्याहून वर्ध्याकडे निघालं की धामणगावनंतर तळणी नावाचं छोटं स्टेशन लागतं. पुढे वर्धा नदी, आणि पलीकडे पुलगाव. म्हणजे तळणीनंतर अमरावती जिल्हा संपलाच. या मार्गाने मी कितीतरी वेळा गेलोय, पण तळणीला खिडकीबाहेर मुद्दाम बघावं असं कधी वाटलं नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षी कळलं की सूर्याच्या अभ्यासाच्या इतिहासात या गावाचं नाव आहे.

दिवस होता शनिवार, २२ जानेवारी १८९८, पौष अमावस्या. त्या भर दुपारी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातल्या विजयदुर्गपासून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून, वऱ्हाडातून थेट बिहारमधल्या बक्सरपर्यंत गेला. लॉकियर विजयदुर्गला होते, अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल जेऊरला, न्यूअल आणि कॅप्टन हिल्स पुलगावला. तळणीला उतरली होती ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी. १८९० मध्ये स्थापन झालेली ही प्रामुख्याने हौशी निरीक्षकांची संस्था, आणि तिने सुरुवातीपासून स्त्रियांना सभासद करून घेतलं होतं.

तुकडीत ग्रिनिच वेधशाळेचे वॉल्टर माँडर आणि त्यांच्या पत्नी ॲनी माँडर होत्या. ॲनीबाई केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेल्या. काही काळ शाळेत शिकवून १८९१ मध्ये त्या ग्रिनिचला गणनाच्या कामावर लागल्या. १८९५ मध्ये लग्न झालं आणि नियमाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. तळणीला त्या पगाराविना, स्वतःच्या कॅमेऱ्यानिशी आल्या होत्या. कॅमेऱ्याचं भिंग जेमतेम दीड इंचाचं, गर्टनच्या अनुदानातून घेतलेलं. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटं टिकली. तेवढ्यात त्यांनी सूर्याच्या किरीटातून, म्हणजे कोरोनातून, दूरवर गेलेला एक झोत टिपला. तो अनेक सूर्यव्यास लांब होता. तोवर इतका लांब झोत कुणाच्याच छायाचित्रात आला नव्हता. याच तुकडीतले जॉन एव्हरशेड यांनी सूर्याच्या कडेच्या वर्णपटाची मोलाची छायाचित्रं घेतली.

हे सगळं वाचून मी हरखून गेलो, आणि आराखड्यात झोकात एक वाक्य लिहिलं: ‘१८९८ च्या ग्रहणामुळे वऱ्हाडात खगोलशास्त्राच्या शिक्षणाला चालना मिळाली.’ मार्गदर्शकांनी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि एकच शब्द लिहिला: ‘कोणाच्या?’

म्हणजे कोणाच्या शिक्षणाला? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर शोधताना पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की १८९८ मध्ये अख्ख्या वऱ्हाडात एकही कॉलेज नव्हतं. अकोल्याचा किंवा अमरावतीचा मुलगा मॅट्रिक झाला की नागपूरला हिस्लॉप (१८८३) नाहीतर मॉरिस (१८८५) कॉलेजात जायचा, किंवा पुण्या-मुंबईला. अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे आजची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, निघालं १९२३ मध्ये. ग्रहणानंतर पंचवीस वर्षांनी! तुकडीने आपलं सामान बांधलं, आणि अभ्यास लंडनला छापला गेला. विज्ञान आपल्या गावात घडलं, पण म्हणून ते गावात शिकवलं गेलं असं होत नाही. हे दोन वेगळे इतिहास आहेत. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही.

बरं, जिथे कॉलेज होतं तिथे तरी काय झालं? पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांची देणगी आणि सरकारची तेवढीच रक्कम जमवून १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. तिथली २० इंची दुर्बीण पुढे अनेक दशकं देशातली सर्वांत मोठी होती. १८९८ मध्ये हेच नायगमवाला जेऊरला ग्रहण बघत होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तेव्हा तिथले संचालक कोण? तळणीला आलेले तेच एव्हरशेड. संशोधन संस्थेला दुर्बीण मिळाली, कॉलेजची गेली. एका माणसावर उभं असलेलं शिक्षण त्या माणसासोबत निवृत्त होतं.

मग वऱ्हाडात खगोल कोणीच शिकत नव्हतं का? इथेच मी दुसऱ्यांदा चुकणार होतो. मी कागदपत्रांत ‘खगोलशास्त्र’ हा शब्द शोधत होतो, आणि या नावाचा विषय शाळेत नव्हताच. आजही बघा, ग्रहण आपल्याला भूगोलाच्या पुस्तकात भेटतं, गोलीय त्रिकोणमिती गणितात आणि ताऱ्यांचा वर्णपट भौतिकशास्त्रात. शाळेबाहेर वेगळीच शाळा होती. महाराष्ट्रभर जोशी मंडळी गणेश दैवज्ञांच्या १५२० च्या ‘ग्रहलाघव’वरून ग्रहगणित करत, आणि बाप मुलाला ते शिकवत असे. तिसरा प्रवाह मराठी पुस्तकांचा. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शाळेत आणि ट्रेनिंग कॉलेजात शिकवणारे शिक्षक. सामान्य वाचकांसाठी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिलं, आणि १८९६ मध्ये त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा मोठा ग्रंथ आला. मराठीतून आकाश शिकवू पाहणाऱ्या मास्तरांच्या हाताशी हे होतं. दुर्बिणीची गरजच नव्हती. ग्रहणाच्याच वर्षी, १८९८ मध्ये, दीक्षित वारले.

आता तुमच्या कामाच्या दोन गोष्टी. एक, वऱ्हाडचे जुने कागद ‘महाराष्ट्र’ किंवा ‘विदर्भ’ या नावाने शोधाल तर हाती फारसं लागणार नाही. १८५३ पासून वऱ्हाड नावाला निजामाचा आणि कारभाराला इंग्रजांचा होता. १९०३ पूर्वीचे शिक्षण खात्याचे अहवाल ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नावाखाली आहेत, नंतरचे मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या खात्यात. नाव चुकलं तर पुरावाच नाही असं वाटतं.

दोन, ‘चालना मिळाली’, ‘प्रभाव पडला’, ‘जागृती झाली’ अशी क्रियापदं आराखड्यात आली की थांबा. कोणाला, कुठल्या वर्गात, कुठल्या पुस्तकातून, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर नसेल तर वाक्य खोडा. जीवावर येतं, माहीत आहे. गावाच्या अभिमानाचं वाक्य खोडताना तर जास्तच.

मी माझं खोडलं. आता प्रबंधाचा प्रश्न असा आहे: १८९८ च्या त्या शनिवारी तळणीपासून हाकेच्या अंतरावर एखादा शाळामास्तर असेल, तर ग्रहण समजावून सांगायला त्याच्याकडे काय होतं? भूगोलाचं पुस्तक, पंचांग, की दीक्षितांचं ‘ज्योतिर्विलास’? दुर्बिणीतून काय दिसलं ते लंडनला छापलेलं आहे. मास्तरांनी फळ्यावर काय काढलं ते शोधायला मला पुढची तीन वर्षं आहेत.