कागद सावकाराचा, अंगठा कुळाचा

पैशाचा धंदा ओळखीवर चालतो, असं आपण सहज म्हणून जातो. गावातला विमा एजंट नात्यातला असतो, पतसंस्थेची पिग्मी गोळा करणारा रोजच्या उठबशीतला असतो, म्हणून त्याच्या हाती पैसे द्यायला आपण कचरत नाही. पण शिरूर आणि भीमथडी या पुणे जिल्ह्याच्या तालुक्यांत दीडशे वर्षांपूर्वी ओळखही होती आणि घरोबाही होता, तरी विश्वास उडाला.

सावकार आपल्या ऋणकोला ‘कूळ’ म्हणत असे. पेशवाईत आणि त्यानंतरही काही काळ गावच्या वाण्याला कुळाला सांभाळूनच राहावं लागे. कर्ज थकलं तर जमीन लिलावात काढून देणारं कोर्ट जवळ नव्हतं. वसुली व्हायची ती गावाच्या भिडेनं. दुष्काळाच्या साली बी-बियाणं देणाराही तोच, त्यामुळे एकाला दुसऱ्याची गरज होती. इंग्रजी दिवाणी कोर्टं आली आणि सावकाराच्या हाती हुकूमनामा आला. आता त्याला कुळाच्या मर्जीची गरज उरली नाही. सगळे सावकार लबाड होते असं मुळीच नाही. पण चांगलं वागण्याची सक्ती मात्र संपली होती.

त्यात 1859 चा मुदतीचा कायदा आला. खत तीन वर्षांत बाद होईल, म्हणजे जुनं देणं कुळाच्या मानेवर राहणार नाही, हा त्यामागचा हेतू. घडलं उलटंच. दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घ्यायचं आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालायचं, अशी रीत पडली. साल दरशेकडा 24 रुपये व्याज धरा. शंभराचे तीन वर्षांनी 172 होतात, सहा वर्षांनी 295 आणि नऊ वर्षांनी पाचशेच्या वर. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेऊ नये, हा दामदुपटीचा जुना नियमही असा पळवाटेनं मोडला जाई. कुळाला वाचता येत नव्हतं. त्यानं फक्त अंगठा उठवायचा. भरलेल्या पैशाची पावती क्वचितच मिळे.

अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात कापसाला भाव आला आणि कर्जही मागेल तितकं मिळालं. युद्ध संपलं, भाव पडले. शिवाय 1867 पासून शेतसारा वाढवला गेला. नेमक्या अशा वेळी सावकारांनी हात आखडता घेतला.

शिरूर तालुक्यातल्या करडे गावात 1874 च्या अखेरीस ठिणगी पडली. कालूराम नावाच्या सावकारानं दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडलं. देशमुख म्हणजे मानाचं घराणं. गावानं हात उचलला नाही, सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांची जमीन कुणी कसेना, पाणी कुणी भरेना, न्हावी त्यांची हजामत करीना. शेजारच्या गावांनीही हाच मार्ग धरला.

12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात मात्र उद्रेक झाला. सुपे तेव्हा भीमथडीत होतं, आज ते बारामती तालुक्यात आहे. जमावानं दुकानं फोडली, पण त्याला हवी होती ती खतं आणि वह्या. पुढे पुणे-नगर जिल्ह्यांत दंगा पसरला तेव्हाही बहुतेक ठिकाणी सावकारानं कागद मुकाट्यानं दिले की त्याच्या अंगाला कुणी हात लावत नसे. कागदांची होळी होई आणि जमाव पांगे. लोकांचा राग माणसापेक्षा, आपल्याला न कळणाऱ्या कागदावर जास्त होता, असं मला वाटतं.

सरकारनं आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. कर्जापायी होणारी कैद थांबली. खत ग्रामनिबंधकासमोर, कुळाला समजावून लिहायचं ठरलं. नुसत्या खतावर न थांबता कर्जाचा मुळापासूनचा हिशेब तपासणं न्यायाधीशाला भाग पडलं. आणखी एक गोष्ट होती, ती चर्चेत फारशी येत नाही: भरलेल्या पैशाची पावती, दरसालचा हिशेब आणि मागितलं तर पासबुक, हा कुळाचा हक्क झाला. हिशेबाची एक प्रत प्रथमच त्याच्या घरी येऊ शकली. अर्थात पळवाटा निघाल्याच. गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायचं आणि परतफेडीची हमी तोंडी ठेवायची, हे पुढे सर्रास चाललं. पर्यायी कर्जपुरवठ्याला बराच काळ लागला. सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 चा, आणि पुणे जिल्हा मध्यवर्ती बँक 1917 ची.

1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेनं किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या मुदतीच्या नव्या कर्जांसाठी एक तपशीलपत्रक सक्तीचं केलं आहे. व्याज आणि इतर खर्च धरून कर्ज वर्षाला किती टक्क्यांनी पडतं, ते त्यात ऋणकोला समजेल अशा भाषेत सांगावं लागतं. विमा पॉलिसी न पटल्यास परत करायला त्याच वर्षापासून 30 दिवस मिळतात. नात्यातला एजंट घरी आला, की या दोन्ही गोष्टी त्याला खुशाल विचाराव्यात. चांगला एजंट त्या आपण होऊनच सांगतो.