मोत मावलीचा हात

वांद्र्याला मोत मावलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे विकायला असतात. जे दुखते ते वाहायचे. पण खुद्द मावलीचाच उजवा हात एकदा तोडला गेला होता, हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळले.

मूर्ती सोळाव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी पोर्तुगालहून आणली. १७०० साली अरब चाच्यांनी हातातल्या सोनेरी वस्तूच्या लोभाने तो हातच कापला. १७६० मध्ये देऊळ (आमची आजी चर्चला देऊळच म्हणायची) पुन्हा बांधले, तेव्हा तिच्या जागी जवळच्या सेंट अँड्र्यूज चर्चमधली दर्यावर्दींची माता बसवली. ती समुद्रात तरंगत आली, एका कोळ्याला आधी स्वप्न पडले होते, असे कोळी सांगतात. वर्गात असल्या कथा मी खोडून काढत असे. आता तसे करवत नाही. 'मोत' हा डोंगरासाठीच्या पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश असावा. कोळ्यांनी त्यात मोती पाहिला!

पुढे जुनीच मूर्ती दुरुस्त होऊन वेदीवर परतली. आजची इमारत १९०४ ची.

गेल्या सप्टेंबरात गुडघ्यासाठी मीही मेणाचा पाय घेतला. सौ. म्हणाली, "अहो, तुम्ही आणि नवस?" मी मुकाट्याने सुटे पैसे मोजत राहिलो.