जुन्नरचे जहाज : सातवाहनकालीन सागरी व्यापारातील घाटमाथ्याचे स्थान

समुद्रकिनारा नसलेल्या देशालाही स्वतःचे व्यापारी जहाज असू शकते. स्वित्झर्लंडने १९४१ मध्ये आपल्या ध्वजाखाली जहाजे चालविण्याची कायदेशीर तरतूद केली, हे त्याचे आधुनिक उदाहरण होय. सह्याद्रीच्या पूर्वेस कुकडीच्या खोऱ्यात वसलेल्या जुन्नरचा सातवाहनकाळात जहाजांशी नेमका कोणता संबंध होता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वर्गात आपण दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचे सातवाहन नाणे दाखवितो आणि त्याच ओघात नाणेघाटाचाही उल्लेख करतो. ही सांगड सैल आहे. पुळुमावी व यज्ञश्री सातकर्णी यांची ही नाणी मुख्यत्वे पूर्व किनाऱ्याच्या प्रदेशात सापडली आहेत. जुन्नरच्या सागरी व्यापाराचा पुरावा म्हणून ती पुढे करणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही.

जुन्नरचा पुरावा लेण्यांत आहे. लेण्याद्री येथील चैत्यगृह हे कल्याणच्या हेरणिकपुत्र सुलसदत्ताचे दान. बंदरातील धनिक घाट चढून येथे दान देतो, ही बाब पुरेशी बोलकी आहे. परिसरातील अन्य लेखांत इरिल, चिट व चंद हे यवन दाते आढळतात. त्यांनी पाण्याची टाकी, भोजनमंडप व गर्भद्वार दिले. यवन म्हणजे खलाशीच, असे मात्र गृहीत धरू नये. माल उतरे तो कल्याण-सोपाऱ्यास आणि नाणेघाटाने वर येई. घाटातील दगडी रांजण जकातीचा, असे परंपरा सांगते. सातवाहन राजघराण्याचा शिलालेख व प्रतिमांचे अवशेष मात्र तेथील लेण्यात निश्चितपणे आहेत. व्यापारी मार्गाच्या तोंडाशीच राजसत्तेने आपली नाममुद्रा उमटविली होती.

हा मार्ग सुरक्षित नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथानुसार ज्येष्ठ सारगनसच्या काळी कल्याण हे अधिकृत व्यापारपेठ होते. पुढे तेथील व्यापारावर निर्बंध आले आणि तेथे पोहोचलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. भडोच क्षत्रपांच्या सत्तेखाली होते. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये जुन्नरच्या मानमोडी डोंगरात टाके व मंडप दान दिल्याचा लेखही उपलब्ध आहे. म्हणजे बंदरावरील संघर्षाची झळ घाटमाथ्यापर्यंत पोहोचली होती. जुन्नर काही काळ सातवाहनांच्या हातून गेले, ते केवळ एक नगर म्हणून नव्हे. घाटाचे वरचे टोकही त्याबरोबर गेले.