शस्त्रक्रियेनंतरचा बौद्धिक ऱ्हास, वृद्धांमधील

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वयस्कर रुग्णाची स्मरणशक्ती व एकाग्रता मंदावणे. घरचे म्हणतात, ‘भूल बाधली’. पण दोष एकट्या भुलीचा नसतो. जखमेमुळे शरीरभर उठणारा दाह मेंदूपर्यंत पोचतो, हे एक प्रमुख कारण मानले जाते. पहिल्या काही दिवसांतले बरळणे ही वेगळी, पण संबंधित अवस्था होय.

१९९८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्या रुग्णांपैकी आठवड्यानंतर सुमारे २६ टक्के, तर तीन महिन्यांनी १० टक्के जणांत असा ऱ्हास आढळला. बहुतेक जण सावरतात, हे कुटुंबाला आधीच सांगायला हवे.

मधुमेहाने धोका वाढतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले, की सडपातळ भारतीयाच्या अंगातही चरबी बरीच असू शकते, आणि तिच्यासोबत मधुमेहही. म्हणून जालना जिल्ह्यातल्या भोकरदन-अंबडकडचा काटक शेतकरी नुसत्या नजरेने निरोगी ठरवू नये. खुब्याच्या शस्त्रक्रियेआधी त्याची साखर तपासावीच. जालन्यात गणपती नेत्रालयासारख्या ठिकाणी होणाऱ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया सहसा डोळ्यापुरत्या भुलीवर होतात. तिथे हा धोका बराच कमी.

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मात्र रुग्ण शुद्धीवर येताच त्याला चष्मा व श्रवणयंत्र परत द्यावे, ओळखीचे माणूस उशाशी बसवावे, रात्रीची झोप मोडू नये.