दुष्काळी कामावरची झोळी

नवरा-बायको दोघांनी कमवायचे, ही रीत नोकरदारांनी आणली असे आपण समजतो. पारनेरसारख्या अवर्षणग्रस्त भागाचा अनुभव वेगळा आहे. 1972 च्या दुष्काळात शेती करपली आणि जोडपीच्या जोडपी सरकारी कामावर गेली. खडी फोडणे, पाझर तलाव, बंडिंग. मे 1973 मध्ये राज्यभर अशा कामांवर जवळजवळ 50 लाख मजूर होते. पुरुषाने खणायचे, बाईने पाटी उचलायची. तान्हे मूल झोळीत.

त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा 1977 चा, अंमल 1979 पासून. पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्यात मुलांसाठी स्पष्ट तरतूद आली: बायकांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा जास्त मुले असतील, तर त्यांच्यापैकीच एकीला मुले सांभाळायला नेमावे आणि तिला मजुरी द्यावी. मूल सांभाळणे हे मजुरीचे काम ठरले, ही मला मोठी गोष्ट वाटते. पण नेमायचे ते बाईलाच! बापही त्याच बांधावर हजर असायचा. कायद्याने मुले मोजली ती आईबरोबरची.

पैगंबर (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात असत, नमाजची वेळ झाली की निघत, असे हजरत आयेशांनी (र.) सांगितल्याचे सहीह बुखारीत आहे. आपल्याकडे मात्र चूल बाईचीच. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत रोज घरकाम करणारे पुरुष शंभरात 26 निघाले, बायका 81. करणाऱ्या पुरुषांचा वेळ सरासरी 97 मिनिटे, बायकांचा 299.