अजिंठ्याच्या डोंगरातले सोपाऱ्याचे जहाज

वाघूर नदीच्या वळणावर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, एक जहाज पंधराशे वर्षे उभे आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातल्या चित्रात त्याच्या तीन डोलकाठ्या दिसतात, उंच उभट शिडे दिसतात. मागे सुकाणूचे वल्हे, नाळेवर रंगवलेला डोळा आणि आत ओळीने मांडलेले रांजण.

हे चित्र पूर्णाच्या कथेतले. ‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथात ती येते. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. अनेक सफरी करून तो भिक्षू झाला. पुढे त्याचा भाऊ चंदन आणायला गेला असता जहाज वादळात सापडले आणि पूर्णाने चमत्काराने ते वाचवले.

इथे पुरावा जपून वाचावा लागतो. पूर्ण बुद्धाच्या काळातला, तर चित्र पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले. म्हणून हे जहाज पूर्णाच्या काळाची साक्ष देत नाही. चित्रकाराच्या काळी लोकांना जहाज कसे ठाऊक होते, ते सांगते. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी सोपाऱ्याचे व्यापारी चंदनासाठी समुद्र ओलांडत, हे कथा रचणाऱ्याला अगदी स्वाभाविक वाटले होते, एवढे उरतेच. माझ्या मते तेच मोलाचे.

बंदराची साक्ष दगडांत आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावी सापडला. नाशिकच्या लेण्यातला शक अधिकारी उषवदाताचा लेख सोपाऱ्यातल्या धर्मशाळांची नोंद करतो आणि डहाणूच्या नदीवर फुकट होड्या ठेवल्याचेही सांगतो. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातल्या बंदरांच्या यादीत सोपारा आहे.

त्याच १८८२ साली भगवानलालांनी बुरुड राजाच्या कोटाचा उंचवटा खणला, तो स्तूप निघाला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, मग चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. त्या सोन्यात काय होते? मातीच्या भांड्याची खापरे. बुद्धाच्या भिक्षापात्राची म्हणून ती कुणीतरी इतक्या मायेने जपली होती.

अजिंठ्याचे चित्र एक गोष्ट मात्र सांगत नाही: जहाजाच्या फळ्या खिळ्यांनी जोडल्या होत्या की काथ्याने शिवल्या होत्या. चित्रात एकच बाजू दिसते, आराखडा कुठेच नाही. याच चित्रावरून गोव्यात ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज बांधले गेले. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या, आयआयटी मद्रासने पाण्यातल्या वर्तनाच्या चाचण्या केल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून मस्कतला पोहोचले. अजिंठ्याचे जहाज शिवलेलेच होते, हे यातून सिद्ध होत नाही. पण या घाटाचे शिवलेले जहाज भर समुद्रात टिकते, हे आता तर्कावर सोडायची गरज नाही.

अजिंठ्याला जाल तेव्हा दुसऱ्या लेण्यात हे जहाज आवर्जून शोधा. आणि कधी विरारची लोकल पकडलीत, तर नालासोपाऱ्याला उतरून तो स्तूपही पाहा; ते जहाज तिथले आहे.