झुरणीला लागणे

मुलगा परगावी गेला आणि आई झुरली, असे म्हणताना आपण एकाच क्रियापदात दोन गोष्टी सांगतो. तिचे मन कुणाच्या तरी आठवणीत अडकले आहे, आणि तिचे अंग वाळत चालले आहे. हिरमुसणे, उदास होणे यांत फक्त मन येते. रोडावणे, वाळणे यांत फक्त शरीर. झुरण्यात दोन्ही एकत्र नांदतात.

हा शब्द आपल्याकडे प्राकृतातून आला. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने रचलेल्या व्याकरणाचा आठवा अध्याय प्राकृताचा आहे. त्यात ‘स्मृ’, म्हणजे आठवणे, या संस्कृत धातूच्या जागी येणाऱ्या रूपांत ‘झूर’ आहे. आणि ‘खिद्’, म्हणजे खिन्न होणे, याच्या जागी ‘जूर’. आठवण आणि खिन्नता प्राकृतात एवढ्या जवळजवळ राहत होत्या! ऋग्वेदात म्हातारे होणे, झिजणे या अर्थाचा ‘जुर्’ धातूही आहे. तिघांना एका कुळात बसवण्याचा मोह होतो, पण नुसत्या ध्वनिसाम्यावर सोयरीक जुळवू नये.

खुद्द ‘खिद्’चा जुना अर्थ दाबणे, दडपणे. ‘डिप्रेशन’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही खाली दाबणे असाच. वैद्यकीय मराठीने मात्र ‘नैराश्य’ स्वीकारले. त्यात आशा संपल्याचे कळते, शरीराचे काहीच कळत नाही. म्हातारी माणसे ‘मी निराश आहे’ असे क्वचितच म्हणतात. भूक लागत नाही, पहाटे तीनलाच जाग येते, अंग दुखते, काही लक्षात राहत नाही, अशी त्यांची तक्रार असते. कधी विसर एवढा वाढतो की घरच्यांना स्मृतिभ्रंशच वाटतो, आणि नैराश्यावर उपचार झाले की तो बराचसा ओसरतो. (अशा विसरावर पुढेही लक्ष ठेवावे लागते, कारण काहींच्या बाबतीत ती स्मृतिभ्रंशाची सुरुवात असते.)

मेंदूत आठवणी घडवणाऱ्या भागाला हिप्पोकॅम्पस म्हणतात. सोळाव्या शतकात बोलोन्याच्या अरांझी या शरीररचनाशास्त्रज्ञाला त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा दिसला, म्हणून हे नाव. 1996 मध्ये अमेरिकेत सेंट लुइस इथे यव्हेट शेलाइन आणि सहकाऱ्यांनी नैराश्याचे झटके वारंवार येऊन गेलेल्या रुग्णांचे एमआरआय तपासले. त्यांचा हिप्पोकॅम्पस इतरांपेक्षा लहान होता, आणि आयुष्यातले जितके दिवस नैराश्यात गेले तितका तो अधिक लहान होता. पुढे 2015 मध्ये 1,728 रुग्ण आणि 7,199 निरोगी माणसे यांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा सरासरी फरक निघाला 1.24 टक्के. म्हणजे फरक खरा, पण बारीक. एका माणसाचा एमआरआय पाहून तो खिन्न आहे की नाही, हे ओळखता येत नाही.

इथेही सोयरीक जुळवताना सबुरी हवी. दीर्घ ताणात वाढलेले कॉर्टिसॉल मेंदूच्या या भागाला इजा करते, असे एक स्पष्टीकरण आहे. हा भाग मुळात लहान असणाऱ्यांना नैराश्य लवकर गाठते, असे दुसरे. उतारवयात मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडून आकुंचन आणि खिन्नता दोन्ही सोबत येतात, असे तिसरे. तिन्हींत तथ्य असू शकते. ‘झुरणे’ही आधी काय घडले याचा निवाडा करत नाही, म्हणून नैराश्यापेक्षा हा शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतो.

पण ‘झुरणीला लागला’ म्हटल्यावर पुढे आपण ‘वयच झालं आता’ असे जोडतो, ते मात्र चूक आहे. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, हे खरे. खिन्नता हा वयाचा भाग नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 120 वृद्धांपैकी जे वर्षभर नियमित भरभर चालले, त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्के वाढला होता. ती माणसे नैराश्याचे रुग्ण नव्हती, तेव्हा यातून चालणे हे नैराश्यावरचे औषध ठरत नाही. आक्रसणे अटळ नाही, एवढे मात्र दिसते. औषधे आणि समुपदेशन सत्तरीनंतरही गुण देतात. तुमच्या घरात कुणाचे दोन आठवडे जेवणावरून, माणसांवरून मन उडाले असेल, झोप उडाली असेल, तर वयाला बोल लावू नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.